पंचवीस लाखांत पुन्हा जिवंत? काकूच्या एफडी मोडायला निघालेलं फॉरवर्ड

परवा काकू एफडीच्या पावत्यांची पिशवी घेऊनच आली. काकांचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं : 'अमेरिकेत फक्त 25 लाखांत देह गोठवून ठेवतात. पैसे एकदाच भरायचे, औषध निघालं की माणूस उठून बसतो. विम्याच्या हप्त्यातही जमतं. वॉल्ट डिस्नेलाही असंच ठेवलंय.' "सगळ्या मोडल्या तर एवढे होतात रे," काकू म्हणाली. तेव्हापासून डोकं तापलंय.

25 लाखांचा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं कबूल करतो. मिशिगनमधली देह गोठवून ठेवणारी संस्था, क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट, आजीव सभासदांना 28 हजार डॉलर सांगते. पण सभासदत्वाचे 1,250 डॉलर वेगळे, आणि हा भाव देह त्यांच्या दारात पोचल्यावरचा. प्राण जाताच बर्फ लावायला उशाशी थांबणारी माणसं, कागदपत्रं, विमान, सगळं आपलं आपण बघायचं. अ‍ॅरिझोनातल्या अल्कॉर या दुसऱ्या संस्थेकडे अख्ख्या देहाचे दोन लाखांहून जास्त डॉलर मोजावे लागतात, नुसतं डोकं ठेवायचं तर 80 हजार. हो, नुसतं डोकं. फॉरवर्डवाल्याने ते काही लिहिलं नाही.

ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी लंडनच्या हायकोर्टाचा 2016चा निकाल वाचावा. कॅन्सर झालेली 14 वर्षांची मुलगी, तिला मेल्यावर देह गोठवून हवा होता, खर्च 37 हजार पौंड, तोही सगळ्यात साध्या व्यवस्थेचा. पैसे आजी-आजोबांनी उभे केले. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी देहाचं काय करायचं हे आईने ठरवावं एवढंच सांगितलं, या शास्त्रावर शिक्का मारला नाही. मुलगी गेल्यावर हॉस्पिटलने त्यांना जे कळवलं तेही त्यांनी निकालात नोंदवलं : मदतीला आलेल्या स्वयंसेवकांची तयारी अपुरी, सगळा गोंधळ, आणि शेवटच्या दिवशी आईचं निम्मं लक्ष पुढच्या व्यवस्थेत. काकूला मी एवढंच वाचून दाखवलं. ती बराच वेळ पिशवीच्या गाठीशी चाळा करत बसली.

आता 'एकदाच भरायचे'. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत रॉबर्ट नेल्सन नावाच्या माणसाने तळघरात देह गोठवून ठेवले होते. नातेवाइकांचे पैसे येईनासे झाले, देह गार ठेवणारा द्रव नायट्रोजन भरणं थांबलं, आणि 1979 मध्ये उघडकीला आलं की नऊ देह वितळून सडले होते. नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो, सतत उडून जातो, म्हणून कुणीतरी कायम भरत राहावा लागतो. 1967 मध्ये गोठवलेले जेम्स बेडफर्ड अजून टिकून आहेत हे खरं, पण मध्ये काही वर्षं त्यांच्या घरच्यांनाच ते सांभाळावे लागले. आता संस्था ठेव वेगळी काढून व्याजावर चालवतात. बरं आहे. पण मग ती संस्था शंभर-दोनशे वर्षं टिकेल यावर पैज लावायची, आणि आजवर एकही माणूस परत उठलेला नाही.

विमा? तरुण, धडधाकट अमेरिकन माणसाला हप्ता खरंच हलका पडतो. 71 वर्षांच्या, किमो चालू असलेल्या काकांना पॉलिसी कोण देणार? आणि मिळाली तरी पैसे वारसांना नाही, संस्थेला.

डिस्ने 1966 च्या डिसेंबरात गेले आणि दोन दिवसांत त्यांचं दहन झालं.

ज्याने हे ग्रुपवर टाकलंय त्याने ते आजच काढावं. काका अजून त्या ग्रुपवर आहेत.