मधमाशीचा काटा आणि कार्डाचा मेसेज: एक खुलासा

‘मधमाशी चावल्यास काटा बोटांनी काढू नका, कार्डानेच खरवडा, नाहीतर सगळं विष अंगात जाईल,’ असा मेसेज फिरतोय. हेतू चांगला असेल, पण कार्ड शोधण्यात जाणारा वेळच नडतो.

काट्याबरोबर विषाची पिशवी आणि तिचे स्नायूही तुटून त्वचेत राहतात. माशी उडून गेली तरी ते विष आत ढकलत राहतात. १९९६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या प्रयोगात काटे खरवडून आणि चिमटीत धरून, असे दोन्ही प्रकारे काढले होते. पद्धतीने फरक पडला नाही; उशीर झाला तशी गांध मोठी होत गेली. म्हणजे नख, चिमूट, जे जमेल त्याने लगेच काढायचं. (गांधीलमाशी बहुधा काटा सोडतच नाही, तिथे शोधत बसू नका.)

डंखातून केळ्यासारखा वास सुटतो आणि त्याने बाकीच्या माशाही चवताळतात, म्हणून तिथे न थांबता घरात शिरून दार लावा. श्वास कोंडला, ओठ-जीभ सुजली किंवा अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांनाही हे कळवा.