नाही तरी म्हणा एकदाचं!

डोकं फिरलंय आज. आमच्या सामुदायिक रेडिओची, म्हणजे वस्तीसाठी संस्थेने चालवायच्या छोट्या एफएम स्टेशनची, फाईल दिल्लीत पडून आहे आणि ती नक्की कुणाच्या टेबलावर अडलीये हे सांगायला कुणी तयार नाही. पोर्टल उघडलं की तेच 'अंडर प्रोसेस'. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये.

मागतोय काय आम्ही? पुण्यातलं धायरी, नऱ्हे, सिंहगड रोड, एवढ्यापुरतं स्टेशन. १०० वॅट ईआरपी (प्रक्षेपणाची ताकद) आणि अँटेनाच्या ३० मीटर उंचीच्या वर एरवी नियमच जाऊ देत नाही. तरी आधी माहिती-प्रसारण मंत्रालयाचं इरादापत्र (तत्त्वतः मंजुरी), मग फ्रिक्वेन्सी, जागेसाठी सॅक्फा (मनोऱ्याच्या जागा तपासणारी केंद्राची समिती), मग करार, मग वायरलेसचा परवाना. त्यात सॅक्फाचा अर्ज संरक्षण, विमानतळ, रेल्वे अशा सगळ्यांकडे फिरतो. एक जण गप्प बसला की बाकीचे सगळे थांबले.

तपासूच नका असं म्हणणाऱ्यातला मी नाही. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि त्याला चिकटूनच विमान धावपट्टीवर आणणाऱ्या यंत्रणेचा सुरू होतो. तिथे गडबड झाली तर माणसं मरतील. हजारदा तपासा. पण तपासून काय ते कळवा ना!

मध्यंतरी एकदाचं पत्र आलं, तर काय, म्हणे जागेचे अक्षांश जुळत नाहीत. अर्जात १८ अंश २७ मिनिटं, कारण रकाना तसाच आहे. सोबतच्या नकाशावर १८.४५. अहो, दोन्ही एकच! २७ ला ६० ने भागा, सातवीतलं पोरगं सांगेल. त्यासाठी अर्ज परत, नवा नकाशा, नवा शिक्का, आणि रांगेत पुन्हा शेवटचा नंबर. मोबाईल कंपन्यांकडे ह्याच कामाला माणसं बसवलेली असतात. आमच्याकडे एक अर्धवेळ इंजिनिअर आणि वस्तीतल्या बायका. त्यातल्या एक मावशी धुणीभांडी आटोपून येतात आणि मोबाईलवर कार्यक्रम रेकॉर्ड करतात. दर आठवड्याला विचारतात, "दादा, कधी लागणार आपला रेडिओ?" काय सांगू त्यांना?

२५ जुलै २०२४ आठवा. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत घराघरात शिरलं. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं लोक रडून सांगत होते. अशा वेळी वीज जाते, मोबाईलचं नेटवर्क जातं. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू राहतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी आहे, पण हवामानाची आणि आपत्तीची माहिती देता येते. त्या रात्री असं स्टेशन तिथे हवं होतं.

रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचं दार २००६ च्या धोरणाने उघडलं. मग आमच्या अर्जावर अमुक तारखेच्या आत हो किंवा नाही, कारणासकट, एवढं मागितलं तर कुणाचं काय जातंय? नकार आला तर दुसरी जागा शोधू, मनोरा खाली आणू. गप्प बसणाऱ्याविरुद्ध अपील तरी कुठे करायचं?

देणगीदारांनी मार्चअखेरपर्यंत पैसे राखून ठेवलेत. त्यानंतर ते दुसऱ्या संस्थेला जाणार. आणि मग हीच दिल्लीतली सरकारी मंडळी आम्हाला नोटीस काढणार, इरादापत्र मिळूनही स्टेशन का सुरू केलं नाही म्हणून.