फाउंडेशनवाल्यांनो, मेसचं बिल भरा

दुपारपासून डोकं भणाणलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांबेल, पण वाचा.

आपल्या भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आज एका फाउंडेशनने दिलेल्या लॅबचं उद्घाटन होतं. तिथल्या एका सरांनी आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो. कॉम्प्युटरवर चालणारी नवी कोरी सीएनसी मशीन, फीत, शाल-श्रीफळ, दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी. मशीन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. कार्यक्रम आटोपून मागच्या गेटने निघालो, तर मेसच्या भिंतीवर वहीचा कागद चिकटवलेला. वर लाल पेनने ‘बाकी भरल्याशिवाय डबा मिळणार नाही’, खाली मुलांची नावं आणि आकडे. एका नावापुढे, खाडे वजा जाता, १,९०० रुपये. शेजारच्या मांडवात पाहुण्यांच्या स्वागताचे फ्लेक्स अजून फडकत होते.

मेसवाल्याला मी दोष देणार नाही. गॅस आणि तेल त्याला तरी कोण उधार देतं?

माझा डिप्लोमाचा रूम पार्टनर जत तालुक्यातला. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मेकॅनिकलला होता, आणि हातात असा गुण की वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा जॉब सरांनी त्याचाच उचलून सगळ्यांना दाखवायचा. होस्टेलची पाण्याची मोटर बंद पडली की रेक्टर वायरमनच्या आधी त्याला हाक मारायचे. त्याची फी माफ होती. पुस्तकं लायब्ररीतून मिळायची, ड्रॉइंगचा ड्राफ्टर सीनियरने दिलेला. तो अडला कशावर? मेसवर. आधी एक वेळचा डबा बंद केला, विचारलं तर म्हणायचा, पोट बरं नाही. मग सबमिशनच्या आठवड्यात गावी गेला तो परतलाच नाही. जर्नल पूर्ण लिहून, सर्टिफिकेटच्या पानावर सही घेऊन ठेवलेली होती.

त्याच वर्षी आमच्या वर्कशॉपला कुणा ट्रस्टने लेथ मशीन दिली होती. तिच्यावरही पाटी होती.

उद्योगपतींनी आणि ट्रस्टांनी कॉलेजं उभी केली नसती तर आपल्यातली निम्मी माणसं आज कुठे असती, हे मला सांगायला नको. सांगलीत धोंडुमामा साठ्यांनी १९४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, पुढे वालचंद हिराचंदांचं नाव लागलं आणि ते नाव आजही आपण अभिमानाने घेतो. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, त्यामागे कमिन्सचं पाठबळ होतं. किती घरांत पहिली इंजिनिअर मुलगी तिथून निघाली असेल! तेव्हा इमारत नको, मशीन नको, असं मी म्हणतच नाही. सीएनसी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघून पास होणाऱ्या पोरांना कंपनीत कोण उभं करणार? मान्य.

पण त्या मशीनपाशी पोरगा टिकायला तर हवा!

आणि हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायचीही गरज नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं का काढली? शाळा होत्या, पण खेड्यातल्या पोराला राहायला-जेवायला जागा नव्हती म्हणून. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. पुण्यात अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या पोरांच्या राहण्या-जेवणाचं बघते, आणि पोरांना काम करायलाही लावते. माझा मावसभाऊ तिथे राहून इंजिनिअर झाला. त्याच्या तोंडून मी समितीबद्दल कधी वावगा शब्द ऐकला नाही.

मग आताच असं का झालंय? मला तरी वाटतं, गोची तारखांमध्ये आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावी लागते. हिशेबाचं वर्ष संपतं ३१ मार्चला, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच धावपळ. मशीनचं कोटेशन घ्या, बिल जोडा, फोटो लावा, मोकळे व्हा. पोराला पैसे लागतात जुलै-ऑगस्टमध्ये, अ‍ॅडमिशन, कॉटबेसिस, मेसचं डिपॉझिट, एसटीचा पास सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा. मार्चमध्ये आलेला चेक घ्यायला माझा पार्टनर होस्टेलमध्ये होताच कुठे?

कुणी म्हणेल, २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने माफ केली आहे. केली, आणि चांगलं केलं. पण फी म्हणजे जेवण नव्हे. मुलांच्या निर्वाह भत्त्याच्याही योजना आहेत, पण तो खात्यावर जमा होईपर्यंत पोरगं खाणार काय?

आणि एक सांगतो, याचा मला फार राग आहे. मदत घेणाऱ्या पोरांना स्टेजवर रांगेत उभं करून, वडील काय करतात ते माइकवरून वाचून दाखवणं बंद करा. अठरा वर्षांच्या पोराला वर्गातल्या मुलामुलींसमोर हे ऐकताना काय होत असेल? माझ्या पार्टनरने ‘पोट बरं नाही’ हे का सांगितलं असेल, विचार करा.

संध्याकाळी त्याला फोन लावला. आता विट्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. छान चाललंय. भिंतीवरच्या कागदाबद्दल सांगितलं तर जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “किती बाकी आहे सगळ्यांची मिळून?”

तर आता कामाचं. फाउंडेशनमध्ये, कंपनीच्या सीएसआर विभागात काम करणारे माझ्या यादीत बरेच जण आहेत. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये मेस आणि खोलीभाड्याचं एक वेगळं खातं टाका. रक्कम पोराच्या हातात द्यायची भीती वाटत असेल तर थेट मेसवाल्याला द्या, महिन्याच्या महिन्याला. यादी वर्गशिक्षकांकडून घ्या, त्यांना सगळं माहीत असतं. जूनमध्येच मंजूर करा.

आमच्या बॅचवाल्यांनी तोवर मला फोन करायचा. उद्या सरांकडून मेसवाल्याचा नंबर घेतोय, प्रत्येकाने परस्पर त्यालाच पैसे पाठवायचे. स्क्रीनशॉट इथे टाकू नका.