‘टूल सेंटरला येतच नाही’: १०० साइझच्या क्विक चेंज टूल पोस्टवरच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. लेथवर टूल झटपट बदलता यावं म्हणून बसवायच्या या पोस्टला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय, की १२ मिमीचं टूल होल्डर पूर्ण खाली टेकवलं तरी सेंटरच्या, म्हणजे जॉब ज्या अक्षावर फिरतो त्याच्या, २.५ मिमी वर राहतं, ५० मिमीचा जॉब कसाबसा कापला जातो पण २० मिमीच्या रॉडवर टूल नुसतं घासतं, टी-नट (पोस्टला खाचेत धरून ठेवणारा नट) कातल्याशिवाय खाचेत गेला नाही आणि पार्टिंगला, म्हणजे रॉड कापून वेगळा करताना, मशीन थरथरतं. होल्डर आवळायला पिस्टनऐवजी वेज (पाचर) टाइप मिळाला असता तर हे झालं नसतं, आणि ‘पेटीवर १२ इंचांपर्यंत लिहिलंय, माझा लेथ ७ इंची, म्हणजे माल खराब’, असंही तुमचं म्हणणं आहे. मापं दिलीत हे फार चांगलं केलंत. त्यामुळे नेमकं बोलता येतं.

माल खराब नाही, तुमच्या लेथसाठी साइझ मोठी आहे. ‘१२ इंचांपर्यंत’ ही वरची मर्यादा झाली. खालची मर्यादा लेथच्या इंचांवर ठरतच नाही. ती कंपाउंडच्या (पोस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या भागाच्या) माथ्यापासून सेंटरपर्यंतच्या अंतरावर ठरते, आणि तुम्ही ते २१ मिमी दिलंय. या होल्डरचा तळ, म्हणजे टूल जिथे टेकतं त्याखालची जाडी, ११.५ मिमी. त्यावर १२ मिमीचं टूल ठेवलं की टोक २३.५ मिमीवर. तुम्हाला दिसलेले २.५ मिमी ते हेच.

२० मिमीवर घासलं आणि ५० वर कापलं, याचंही कारण यातच आहे. टूल सेंटरच्या वर गेलं की त्याचा क्लिअरन्स अँगल (धारेखालची बाजू जॉबपासून जितकी सुटलेली असते तो कोन) कमी होतो, आणि जॉब जितका बारीक तितका जास्त कमी होतो. २० मिमीच्या रॉडची त्रिज्या १०, त्यात २.५ मिमी वर म्हणजे साधारण १४.५ अंश गेले. तुमच्या सीसीएमटी इन्सर्टला (टूलच्या टोकावरच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याला) मुळात क्लिअरन्स ७ अंशांचा. तो संपून इन्सर्टची बाजू आधी जॉबला लागते, धार लागतच नाही. ५० मिमीवर साधारण ५.७ अंश जातात, सव्वा अंश शिल्लक राहतो, म्हणून तिथे कसंबसं चाललं. असं घासत कृपया काम करू नका. इन्सर्ट तर जातोच, शिवाय बारीक रॉड वाकतो.

वेज की पिस्टन, याचा उंचीशी काहीही संबंध नाही. वेज टाइप होल्डरला डोव्हटेलवर (तिरक्या कडांच्या खोबणीच्या सांध्यावर) अधिक घट्ट ओढून धरतो आणि होल्डर काढून परत लावला की टूल त्याच जागी यायला मदत होते. पण होल्डरचा तळ दोन्हीत तोच. तुमच्या ७ इंची, म्हणजे साधारण ९० मिमी सेंटर हाइटच्या (बेडपासून सेंटरच्या उंचीच्या) लेथवर वेजसाठी जादा पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात दोन-तीन होल्डर जास्त घ्यावेत, असं आमचं मत आहे.

आता यावर उपाय. हाच सेट ठेवायचा असेल तर ८ मिमी शँकची (दांड्याची) टूलं वापरा. ११.५ अधिक ८ म्हणजे १९.५. वर घ्यायला १.५ मिमी मिळतात आणि होल्डरखाली चिप्स अडकत नाहीत. स्क्रू टूलपर्यंत नीट पोचत नसेल तर टूलवर सपाट पट्टी ठेवून आवळा. १० मिमीचं टूल ०.५ मिमी वर राहील. मोठ्या जॉबवर ते खपेल, ६ मिमीच्या पिनवर नाही. १० मिमीच हवं असेल तर होल्डरचा तळ खालून मिलिंगवर १.५ मिमी उतरवता येतो, मग टोक २० मिमीवर येतं. पण कातलेला होल्डर आम्ही परत घेऊ शकणार नाही, हे आधीच सांगतो. आणि कंपाउंडचा माथा कातायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. टी-खाचेचे ओठ तिथेच असतात, ते पातळ झाले की एक दिवस आवळताना तुटतात आणि ते कास्टिंग सहज मिळत नाही.

आमच्या मते मात्र साइझच बदलावी. तुमच्यासाठी ओएक्सए, म्हणजे शंभरच्या खालची साइझ योग्य. आमच्याकडच्या त्या होल्डरचा तळ ८ मिमी आहे. १० मिमीच्या टूलनं टोक १८ मिमीवर येतं, म्हणजे ३ मिमी वर-खाली करायला मोकळे. त्यात १२ मिमीचं टूल जात नाही, तुमची १२ मिमीची टूलं बाजूला ठेवावी लागतील.

‘मोठा पोस्ट म्हणजे जास्त मजबुती’ हा समज बऱ्याच ग्राहकांत आढळतो, म्हणून पार्टिंगबद्दल जरा सविस्तर. छोट्या लेथवर कमकुवत दुवा पोस्ट नसून कंपाउंडची जिब (सरकता भाग घट्ट-सैल करणारी पट्टी) आणि तिची छोटी डोव्हटेल असते. बॉडी मोठी झाली की टूल कंपाउंडच्या मध्यापासून आणखी बाहेर जातं आणि तोच दाब लांबून बसतो. तुमची पार्टिंगची ब्लेडही सेंटरच्या वर असणार, आधी ती तपासा. ब्लेड सेंटरला किंवा अगदी केसभर खाली हवी. २० मिमीच्या रॉडला ती १२ मिमीपेक्षा जास्त बाहेर काढू नका. सॅडल (बेडवर सरकणारा भाग) लॉक करा, कंपाउंड मागे घेऊन जिबचे स्क्रू आवळा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेडनं माइल्ड स्टील कापताना २० मिमी व्यासाला २५० ते ३०० आरपीएम पुरे. तेल सोडत राहा आणि फीड थांबवू नका. थरथर सुरू झाली की हात आखडता घेण्याचा मोह होतो, पण मग ब्लेड घासू लागते आणि थरथर वाढते.

टी-नट मुद्दाम मोठा दिला जातो, कारण प्रत्येक लेथची खाच वेगळी. तो तुमच्या खाचेप्रमाणे कातून घ्यायचा असतो. मान, म्हणजे नटाचा वरचा अरुंद भाग, खाचेपेक्षा ०.२ मिमी सैल ठेवा. नटाचा माथा कंपाउंडच्या माथ्यापेक्षा ०.३ ते ०.५ मिमी खाली राहायला हवा, नाहीतर पोस्ट कंपाउंडवर न बसता नटावर बसतो आणि कितीही आवळला तरी फिरतो. लांबी जितकी ठेवता येईल तितकी ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टड (नटात बसणारा आट्यांचा दांडा) नटाच्या खालून बाहेर येऊ देऊ नका. खालचा शेवटचा आटा सेंटर पंचनं ठोकून बंद करा. स्टड खाचेच्या तळाला टेकला की जॅकसारखा नटाला वर ढकलतो आणि कास्ट आयर्नचे ओठ फुटतात.

हे वाचून जे साइझ निवडतील त्यांच्यासाठी: चकमध्ये सरळ रॉड धरा, पोस्ट जिथे बसतो त्या माथ्यापासून रॉडच्या वरच्या बाजूपर्यंत व्हर्नियरनं मोजा आणि रॉडचा अर्धा व्यास वजा करा. स्टडभोवती उंचवटा असेल तर पोस्ट नक्की कशावर टेकणार ते आधी बघा. होल्डरचा तळ, टूलची उंची आणि १ मिमी मोकळीक यांची बेरीज त्या अंतरापेक्षा कमी हवी. उलट अंतर फार जास्त असेल तर होल्डर इतका वर घ्यावा लागतो, की डोव्हटेल अर्धीच पकडते. किमान पाऊण भाग पकडीत राहायला हवा. आणखी एक, आपल्याकडचे कॅटलॉग बहुधा सेंटर हाइट सांगतात, तर १००, २००, ३०० या साइझचे तक्ते अमेरिकन पद्धतीनं स्विंग, म्हणजे बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास, सांगतात. १५० मिमी सेंटर हाइट म्हणजे १२ इंची स्विंग. हे न कळल्यामुळे काही जण निम्म्या मापाची साइझ मागवतात.

तुमचा टी-नट कातून झालाय, म्हणून पूर्ण परतावा मिळाला नाही. बॉडी आणि होल्डर मात्र न कातलेले असतील तर आम्ही ते ओएक्सए सेटवर बदलून देऊ. लहान सेट स्वस्त आहे, फरकाची रक्कम परत मिळेल. कातलेल्या टी-नटाची किंमत तेवढी वजा होईल. पाठवण्याआधी खाचेची तीन मापं कळवा: मानेची रुंदी, खालची रुंदी आणि खालच्या भागाची उंची. नवा टी-नट त्या मापात इथेच कातून पाठवू.