ऑरोविलमध्ये पैसाच नाही, हे खरं नाहीये

ऑरोविलमध्ये पैसा चालतच नाही, जाऊन रहा सगळं फुकट, असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका. 28 फेब्रुवारी 1968 ला श्री अरविंद आश्रमाच्या माताजींनी (मीरा अल्फासा) पाँडिचेरीजवळ हे गाव वसवलं तेव्हा आपसात पैसा नको हे स्वप्न होतंच, पण आज तिथले रहिवासी दर महिन्याला सामायिक फंडात पैसे देतात, आणि पाहुणे तर राहण्याखाण्याचे पैसे मोजतातच. मेसेजचं मूळ बहुतेक 'पूर तूस' या त्यांच्या दुकानात असावं, तिथे साबण-डाळ कशावरच किमतीचं लेबल नसतं, सभासद महिन्याची ठराविक रक्कम भरून लागेल तेवढंच उचलतात. किती सुंदर पद्धत आहे ही, तिला फुकट म्हणणं मला खरंच खटकतं! घर मात्र कुणाच्याच मालकीचं नसतं, तेवढं खरंय.