मोरचुदाने बोडी साफ होत नाही, भाऊ

पोळा आटोपला की भंडारा-गोंदियाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. (बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं, आणि मोरचूद म्हणजे निळ्या खड्यांचं कॉपर सल्फेट, तांब्याचं रसायन.) मजकूर थोडक्यात असा: "बोडीचं पाणी हिरवं झालं? शेवाळ म्हणजे मासळीला विष! पाच किलो मोरचूद पोत्यात बांधून बोडीत फिरवा, दोन दिवसांत पाणी काचेसारखं. शेवाळ येतं ते उन्हाने, खताचा काही संबंध नाही. परत येऊ नये म्हणून गवत्या मासा सोडा. तरी आलंच तर जीवामृत ओता." खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा'. तो पोहोचतोही. मग कुणीतरी सकाळी बोडीवर जातो आणि पांढरी पोटं वर करून तरंगणारे रोहू मोजत बसतो.

"हिरवं पाणी म्हणजे विष"

हिरवं पाणी म्हणजे बहुतेक वेळा मासळीचं जेवण. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती पाण्याला रंग देतात, त्यांच्यावर बारीक प्राणी जगतात आणि त्यांच्यावर कटला मासा. मत्स्यशेतीत शेण आणि सुपर फॉस्फेट मुद्दाम टाकायला सांगतात ते याचसाठी. दिवसा पाण्यात प्राणवायू येतो तोही मुख्यतः याच हिरवळीतून. काचेसारख्या पाण्यात मासे उपाशी राहतात.

बघायचं ते हिरवं किती हे. त्याला यंत्र लागत नाही. काठावर वाका, पंजा आडवा धरून हात सरळ खाली बुडवा. पाणी कोपरापर्यंत येता येता पंजा दिसेनासा झाला तर बोडी ठीक आहे. मनगटाच्या थोडं वरच दिसेनासा झाला तर हिरवळ फार झाली, त्या दिवसापासून खत आणि खाद्य दोन्ही थांबवा. कोपर बुडूनही बोटं मोजता येत असतील तर पाण्यात खायला फारसं काही नाही. मोजूनच पाहायचं असेल तर २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी थाळी दोरीने सोडा. ती २५ ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान दिसेनाशी झाली पाहिजे. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र या दोन्ही परीक्षा फसतात, म्हणून पाऊस थांबून दोन-चार दिवस झाले की करा.

एक प्रकार खरोखर वाईट आहे. वारा ज्या काठाला लागतो तिथे हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर जमतो आणि घाण वास येतो. ते निळं-हिरवं शेवाळ, बहुतेकदा मायक्रोसिस्टिस. त्याच्या काही जातींचं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळूनही नष्ट होत नाही. तिथे गुरं पाण्यावर नेऊ नका. (धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, नत्रासाठी सोडतात तेही निळं-हिरवं शेवाळच, पण जाती वेगळ्या. नावावरून घाबरू नका.) आणि नेमकं या थरावर मोरचूद टाकणं सगळ्यात धोक्याचं, कारण पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात मोकळं होतं.

"पाच किलो मोरचूद"

कोणत्या बोडीला पाच किलो? दहा गुंठ्यांच्या की एकराच्या? पाणी किती खोल? मेसेजमध्ये काहीच नाही. दहा गुंठे आणि सरासरी दीड मीटर पाणी धरलं तर साधारण १५ लाख लिटर होतात. त्यात पाच किलो म्हणजे लिटरमागे ३.३ मिलिग्रॅम. मोरचुदाचा रूढ नियम असा आहे की पाण्याची क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, मोजायची आणि तिला शंभराने भागायचं. येईल तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मात्रा. म्हणजे पाच किलो चालायला क्षारता ३३० हवी. पावसाच्या पाण्यावर भरलेल्या बोडीत ती तेवढी कुठून येणार? आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर मोरचूद टाकूच नये असा संकेत आहे, कारण मऊ पाण्यात तांबं थेट माशांच्या कल्ल्यांवर जातं. अमरावती-यवतमाळकडे विहिरीच्या जड पाण्यावर भरलेल्या शेततळ्यात उलटं होतं. तिथे बरंचसं तांबं खाली बसतं, शेवाळ पुरतं मरत नाही, आणि गाळात तांबं मात्र दरवर्षी वाढत जातं.

समजा मात्रा बरोबर पडली आणि शेवाळ मेलं. ते गेलं कुठे? तळाशी. तिथे ते सडतं आणि सडताना प्राणवायू खातं. ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. रात्री हिरवळही तो तयार करत नाही, वापरते. म्हणून पहाटे चार ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ, आणि आदल्या दिवशी ढग असतील तर आणखीच वाईट. मासे वर येऊन तोंड उघडतात, त्यात मोठे आधी जातात. सकाळी लोक म्हणतात, कोणीतरी औषध टाकलं. मालकानेच टाकलेलं असतं. आणि सडलेल्या शेवाळातलं सगळं खत पुन्हा पाण्यात आल्यामुळे दोन-तीन आठवड्यांत बोडी परत हिरवी.

"ऊन कारण, खताचा संबंध नाही"

सगळ्यात चुकीची ओळ ही, आणि बाकीचे उपाय फसतात तेही हिच्याचमुळे. ऊन लागतं, पण ऊन तर सगळ्याच बोड्यांवर पडतं. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात एका तळ्याचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्यात तेच अधिक फॉस्फरस. ऊन दोन्हीकडे तेच. फॉस्फरसवाला भाग त्याच वर्षी हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. म्हणून नुसता युरिया थांबवून भागत नाही. नत्र कमी पडलं तर काही निळी-हिरवी शेवाळं ते हवेतूनच ओढतात. फॉस्फरसला अशी पळवाट नाही.

आता आपल्या बोडीचा हिशोब. डीएपीत ४६ टक्के 'फॉस्फेट' लिहिलेलं असतं, त्यातला खरा फॉस्फरस साधारण २० टक्के. म्हणजे एक किलो डीएपीत २०० ग्रॅम. १५ लाख लिटरला ते लिटरमागे ०.१३ मिलिग्रॅम पडतं. पाणी पोषणाने लदलं असं म्हणायला साधारण ०.०३५ पुरतं. त्यातला बराच भाग गाळाला चिकटतो हे खरं, पण पोत्यातला एक किलो वाहून जायला काय लागतं? रोवणीनंतर डीएपी फेकला, रात्री जोराचा पाऊस आला, धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला आणि बांधीचं पाणी बोडीत उतरलं. झालं.

गाळाला चिकटलेलाही कायमचा बसत नाही. तळाचा प्राणवायू संपला की लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटून पुन्हा वर येतो. म्हणून गाळ काढणं हाच मोठा उपाय. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकायची रीत आपल्याकडे जुनी आहे. बोडी वैशाखात आटली की तेच करा. गाळही शेताला मिळतो. बाकी डीएपी चिखलणीतच मातीत मिसळावा, खत दिल्यावर काही दिवस बांधीचं पाणी बांधीतच अडवावं, धुऱ्यावरचं गवत राखावं, आणि मासे अर्ध्या तासात खातील तेवढीच कोंडा-ढेप टाकावी. उरलेली ढेप म्हणजे तळाशी टाकलेलं खतच.

"गवत्या सोडा"

गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, गवत आणि पाणवनस्पती खातो. पाणी हिरवं करणारी बारीक हिरवळ त्याला खाता येत नाही. पाण्यातलं खत ओढून घेणारी, शेवाळाशी स्पर्धा करणारी वनस्पती मात्र तो फस्त करतो आणि विष्ठेतून तेच खत परत देतो. गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवर या मासेमार समाजाने देशी मासळीसाठी तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्याच वनस्पती संपवणारा मासा आपण विकत आणून सोडतो.

"जीवामृत ओता"

शेण, गोमूत्र, गूळ, बेसन: सगळं खतच. गुळाने जीवाणू वाढून पाण्यातलं नत्र ओढतात हे खरं, पण त्यासाठी रात्रंदिवस हवा देणारं यंत्र लागतं. ते नसताना ओतलं तर जीवाणूच प्राणवायू संपवतात. जीवामृत शेतात टाका.

ज्यांनी मोरचूद आधीच टाकला आहे त्यांच्यासाठी: आज खाद्य बंद. रात्री दोनपासून ऊन वर येईपर्यंत पंप लावा आणि बोडीचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं बोडीत पाडा. जवळ विहीर असेल तर ते पाणीही असंच हवेतून पाडून सोडा, थेट पाइप बुडवून नाही, कारण विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मेलेलं शेवाळ काठाला लागलं असेल तर जाळीने ओढून बाहेर काढा, पाळीच्या, म्हणजे काठच्या बांधाच्या, पलीकडे टाका. मासे तोंड वर काढत नाहीत असं सलग दोन-तीन पहाटे दिसलं की मगच पंप थांबवा.