आयपीएलचे तिकीट महाग कशासाठी?

आयपीएलच्या तिकिटांच्या दराविषयी कोणी तक्रार केली की एक ठरलेले उत्तर मिळते: खेळाडू महाग झाले आहेत, तेव्हा चांगला संघ पाहायचा तर पैसे मोजावे लागणारच. हे उत्तर मला मुळीच पटत नाही, कारण या स्पर्धेत संघांमध्ये जी बरोबरी आहे ती प्रेक्षकाच्या खिशातून आलेली नाही.

खेळाडूंवरील खर्चाला आयपीएलमध्ये पहिल्यापासून मर्यादा आहे. 2008 साली ती प्रत्येक संघासाठी 50 लाख डॉलर होती, तर नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला झालेल्या मोठ्या लिलावात 120 कोटी रुपये. लखनौने ऋषभ पंतसाठी 27 कोटी मोजले, पण ते याच 120 कोटींतून, त्यामुळे उरलेला संघ त्यांना तेवढ्याच कमी पैशांत उभा करावा लागला. मालक कितीही गडगंज असला तरी या नियमातून त्याची सुटका नाही, आणि त्याचा परिणाम मैदानावर दिसतो. पाच वेळा विजेता ठरलेला मुंबईचा संघ 2022 आणि 2024 मध्ये गुणतक्त्यात तळाला राहिला, गुजरातने पहिल्याच हंगामात करंडक नेला, आणि 2025 मध्ये बंगळूरुने अठराव्या हंगामात पहिल्यांदा विजेतेपद मिळवले.

हा खर्च भागतो तो मुख्यतः प्रक्षेपणाच्या पैशातून. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले आणि त्यातला मोठा वाटा संघांमध्ये वाटला जातो. तिकिटांचे उत्पन्न मात्र यजमान संघाकडे जाते. अहमदाबादला लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, वानखेडेवर सुमारे 33 हजार. तरीही ज्याची तिजोरी जास्त भरली त्याला लिलावात एक रुपयाही जास्त लावता येत नाही. प्रशिक्षक, सराव-सुविधा आणि नवे खेळाडू हेरणारी माणसे यांवर तो पैसा खर्च होऊ शकतो, हे मान्य. पण म्हणून तिकीट महाग ठेवणे भाग आहे, असे सिद्ध होत नाही.

त्यात कराची भर. 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला. चौघांच्या कुटुंबाने प्रत्येकी दोन हजार मूळ दराची तिकिटे काढली तर 11,200 रुपये होतात, आणि त्यांतले 3,200 निव्वळ कराचे. लोकलचे भाडे आणि आतले खाणेपिणे वेगळेच. मान्यताप्राप्त अशा इतर क्रीडास्पर्धांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही. तीच सवलत आयपीएलच्या सर्वांत स्वस्त स्टँडला द्यायला काय हरकत आहे?

प्रेक्षक हा या खेळातला नुसता गिऱ्हाईक नाही. 2020 चा हंगाम अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाला तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज घालावा लागला होता. हजारो कोटींना विकल्या जाणाऱ्या त्या चित्रात स्टँडमधल्या माणसाचा घसा आहे, आणि त्याच माणसाला आज दाराबाहेर ठेवले जात आहे.

इंग्लंडमध्ये हे लोकांनी चालू दिले नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये 77 पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचे हजारो पाठीराखे सामन्याच्या 77व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. काही दिवसांतच क्लबने तो दर मागे घेतला. त्याच वर्षी प्रीमियर लीग या तिथल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या तिकिटासाठी 30 पौंडांची कमाल मर्यादा ठरवली.

आपल्याकडे आयपीएलच्या नियामक मंडळाने लिलावाची मर्यादा जशी सर्वांना बंधनकारक केली, तशीच प्रत्येक मैदानावर ठराविक आसने पाचशे रुपयांच्या आत, करासह, विकण्याची अट संघांवर घालावी. शिवाय प्रत्येक सामन्याची किती तिकिटे खुल्या विक्रीला आली आणि किती पास प्रायोजक, संघटना व पाहुणे यांच्याकडे गेले, हा आकडा सामन्याआधी जाहीर करावा.